अंगठ्याची पोच

भंडाऱ्याची ओळख करून देताना पितळेचा उल्लेख टाळता येत नाही. पितळी भांड्यांनी या गावाला दूरवर नाव मिळवून दिले. पुढे स्टील आले, प्लास्टिक आले आणि तो धंदा ओसरत गेला. तरीही जुन्या घरांच्या फळीवर एखादा गुंड, एखादा गडवा अजून दिसतो. गडवा म्हणजे इतरत्र ज्याला तांब्या किंवा लोटा म्हणतात तो. या साध्या भांड्याकडे एका अमेरिकन दांपत्याने किती आदराने पाहिले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. चार्ल्स आणि रे ईम्स हे वस्तुरचनाकार पतिपत्नी भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशात हिंडले आणि १९५८ साली त्यांनी सरकारला एक अहवाल सादर केला. अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था १९६१ साली त्यातूनच उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी लोट्याला मोठा मान दिला आहे, आणि असा लोटा कोणी नव्याने घडवू म्हटले तर त्याला कोणकोणते प्रश्न स्वतःला विचारावे लागतील याची एक लांबलचक यादीच दिली आहे. पाणी किती मावावे? उचलणारा हात केवढा, किती ताकदीचा, स्त्रीचा की पुरुषाचा? तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवरून की हातातून? रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, भरल्यावर कसा, आणि ओतण्यासाठी कलता केल्यावर कसा? डोळे मिटून हातात घेतला तर कसा लागतो?

गेली तीन वर्षे या प्रश्नांची मला वरचेवर आठवण होते, आणि तीही गडव्यामुळे नव्हे, मोबाइल फोनमुळे.

माझी थोरली बहीण, आमची ताई, उभे आयुष्य परिचारिका म्हणून काढून निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. तीन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, उजवा पाय कसाबसा चालता राहिला, बोलणे थोडे जड झाले. ज्या हाताने तिने हजारो इंजेक्शने दिली तो हात आता तिच्या मांडीवर परक्यासारखा पडून असतो. आजारातून उठल्यावर तिला पहिली अडचण पडली ती क्रुसाच्या खुणेची. डाव्या हाताने देणेघेणे करू नये, डाव्या हाताने जेवू नये, हे आपल्या अंगात भिनलेले. तेव्हा डाव्या हाताने क्रुसाची खूण करायची कशी? कित्येक दिवस ती खूण न करताच प्रार्थनेला बसत असे. आमच्या फादरांच्या ते ध्यानात आले. त्यांनी तिला डाव्या हातानेच खूण करायला सांगितले आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

फोनचा प्रश्न मात्र मिटला नाही. माझा मुलगा नागपूरला नोकरी करतो. त्याने मोठ्या प्रेमाने आत्यासाठी साडेसहा इंची पडद्याचा फोन आणला. अक्षरे मोठी दिसावीत, मिस्सा पाहता यावी, जुन्या मैत्रिणींचे चेहरे नीट दिसावेत, हा त्याचा हेतू. हेतू साधलाही. पण फोन डाव्या हातात धरला म्हणजे चालवायला उरतो तो त्याच हाताचा अंगठा, आणि तो अंगठा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत काही केल्या पोचत नाही. नेमक्या त्याच कोपऱ्यात पुष्कळ अ‍ॅपांनी आपली तीन ठिपक्यांची यादी दडवून ठेवलेली असते. तिथे पोचायचे तर तळहातातला फोन बोटांवर सरकवत न्यावा लागतो. अशा सरकवण्यात तो निसटतो. आपल्या हातून फोन पडला तर आपण काच फुटली का ते पाहतो. ताईला वेगळीच धास्ती असते. फोन पडला की वाकावे लागते, आणि वाकले की ती स्वतः पडण्याचा संभव असतो. दिवसा आम्ही कोणी घरात नसताना फोन जमिनीवर आणि ती खुर्चीत, अशा अवस्थेत तिने तासन् तास काढले आहेत.

हे असे का झाले, याचा मी थोडा शोध घेतला. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता. मध्यम आकाराच्या हाताचा अंगठा त्याच्या बहुतेक सर्व भागावर फिरत असे. २०१० साली त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी, हाताच्या मुठीत न मावणारा मोठा फोन कोणी विकत घेणार नाही, असे जाहीरपणे म्हटले होते. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंची नोट बाजारात आणला. लोक प्रथम हसले, मग ते फोन त्यांनी घेतले. २०१४ साली जॉब्स यांच्या पश्चात त्यांच्याच कंपनीने ४.७ आणि ५.५ इंची फोन काढले. २०२० आणि २०२१ मध्ये तिने लहान हातांसाठी ५.४ इंचांचा ‘मिनी’ काढून पाहिला. त्याला पुरेसे गिऱ्हाईक लाभले नाही आणि २०२२ च्या नव्या मालिकेत तो दिसला नाही. या काळात माणसाचा अंगठा होता तेवढाच राहिला.

यात कंपन्यांना शिव्या देऊन भागणार नाही. मोठा पडदा लोकांनीच मागितला आणि त्यांचे मागणे गैर नव्हते. आपल्याकडे कित्येक घरांत फोन हाच दूरदर्शन संच, हीच वही, हेच बँकेचे पुस्तक आणि हाच फोटोंचा आल्बम असतो. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना मोठी अक्षरे लागतात. ताईलाही लागतात, तिला लहान फोन द्यावा म्हणून मी एक जुना फोन काढून दिला, तेव्हा तिने दोन दिवसांत तो परत केला, कारण त्यावर शुभवर्तमान वाचता येईना. तंटा आहे तो डोळे आणि हात यांच्यातला. डोळे म्हणतात मोठा हवा, हात म्हणतो लहान हवा. आणि दुकानात उभे असताना माणूस डोळ्यांचे ऐकतो, कारण तिथे त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. हाताचे म्हणणे ऐकू येते ते घरी आल्यावर.

फोन लोक प्रत्यक्षात धरतात कसा, हे स्टीव्हन हूबर नावाच्या अमेरिकन रचनाकाराने २०१३ साली पाहून ठेवले आहे. रस्त्यावर, बसथांब्यावर, गाडीत, हॉटेलात फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांच्या नोंदी त्याने केल्या. त्यांतले ४९ टक्के एकाच हाताने फोन वापरत होते. ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने चालवत होते. दोन्ही हातांनी चालवणारे अवघे १५ टक्के. एकहाती वापरणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांचा डावा अंगठा चालत होता. हे प्रमाण जन्मतः डावखुऱ्या असणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. याचा अर्थ उघड आहे. त्यांचा उजवा हात दुसऱ्या कशात तरी गुंतलेला होता.

येथे मला लूकची आठवण होते. शब्बाथ दिवशी सभास्थानात प्रभूने वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे केले, ही घटना मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही सांगितली आहे. पण तो हात उजवा होता, एवढी नोंद फक्त लूक करतो. परंपरा त्याला वैद्य मानते, आणि कोणता हात हे विचारणे वैद्यालाच सुचावे यात नवल नाही. संत जेरोमने मत्तयावरील आपल्या भाष्यात एका जुन्या, बायबलमध्ये समाविष्ट नसलेल्या शुभवर्तमानाचा हवाला देऊन आणखी एक तपशील दिला आहे. तो माणूस गवंडी होता, हाताच्या कामावर त्याचे पोट होते, आणि आपल्यावर लाजिरवाणी भीक मागण्याची पाळी येऊ नये म्हणून त्याने प्रभूची विनवणी केली. कोणता हात, आणि त्या हाताचे काम काय, हे दोन प्रश्न फोनचा पडदा आखणाऱ्यांनीही विचारायला हवे होते.

आमच्या जिल्ह्यात दुसरा हात कशात गुंतलेला असतो ते पाहायचे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धानाच्या बांधीवर जावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पीकपेरा लिहीत. आता शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतात उभे राहून फोनवर खाते निवडायचे, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती पाठवायची. कल्पना चांगली आहे. आपल्या सातबाऱ्यावर आपल्या पिकाची नोंद आपणच करावी, यात शेतकऱ्याचा मान आहे; आणि आधारभूत किमतीने धान विकायचे तर ती नोंद लागते. पण नोंदीचे दिवस येतात ते रोवणी आटोपल्यानंतरच्या पावसाळ्यात. पायाखाली निसरडा धुरा, एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन. पडद्याला बोट कळते ते बोटाच्या विद्युत्भारामुळे, आणि पाणीही विद्युत्वाहक असल्याने पावसाचा थेंब पडला की फोनला तेही बोटच वाटते. मग नको ते उघडते आणि हवे ते मिटते. आमच्या ओळखीचा एक शेतकरी, माझा जुना विद्यार्थी, मला म्हणाला, “गुरुजी, छत्री धरू का फोन धरू? अंगठा वरपर्यंत पुरतच नाही जी.” शेवटी त्याची बायको छत्री धरून उभी राहिली, तेव्हा नोंद झाली. एका माणसाचे काम म्हणून जे आखले गेले त्याला दोन माणसे लागली, आणि त्या दिवसाची बायकोची मजुरी बुडाली. अंगणवाडी सेविकांचेही असेच. २०२१ साली राज्यभरातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. ते तापतात, अडकतात, त्यांतले पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सेविकेच्या दुसऱ्या हातात बहुधा कोणाचे तरी मूल असते, ही तक्रार त्यांत होती की नव्हती कोण जाणे. सवय झालेल्या गोष्टींची माणूस तक्रार करत नाही.

मराठी लिहिणाऱ्या अंगठ्याची अडचण तर इंग्रजी लिहिणाऱ्याच्या दुप्पट आहे. आपल्या भाषांसाठी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला. त्याची मांडणी सुंदर आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. टंकलेखन करताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि लेखनाला एक लय येते. मी संगणकावर तोच वापरतो. पण ही लय दोन हातांची आहे. तोच कळफलक फोनच्या पडद्यावर आला आणि एका अंगठ्याच्या हवाली झाला की ‘की’ लिहायला सुद्धा अंगठ्याला पडद्याच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जावे लागते. कळफलक दाबून एका कडेला आणण्याची सोय फोनमध्ये असते. मुलाने ती ताईला लावून दिली. अंतर कमी झाले, पण कळाही बारीक झाल्या. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच दाखवून दिले होते की एखाद्या ठिकाणी बोट नेण्याला लागणारा वेळ अंतराप्रमाणे वाढतो आणि ते ठिकाण लहान असले तरीही वाढतो. म्हणजे एका बाजूने कमावले ते दुसऱ्या बाजूने गेले. रोमन अक्षरांच्या सव्वीस कळा अशा दाबून बसवता येतात. आपली व्यंजने, स्वर, मात्रा आणि जोडाक्षरे एवढ्याशा जागेत गर्दी करतात. २०१७ पासून बोललेले मराठी लिहून घेण्याची सोय फोनवर झाली, हा मोठाच दिलासा होता. ताईचे जड बोलणे मात्र त्या यंत्राला उमगत नाही. शिवाय बँकेचे आणि दुखण्याचे सगळे बोलणे घरभर ऐकू जाईल असे मोठ्याने उच्चारणे कोणाला आवडेल?

कंपन्यांना हे कळले नाही असे नाही. २०१४ च्या त्या मोठ्या आयफोनमध्ये खालच्या बटणाला दोनदा हलकेच स्पर्श केला की वरचा पडदा अर्ध्यावर उतरून येई. २०१८ साली सॅमसंगने आपल्या फोनच्या पडद्याची आखणीच बदलली. वरचा भाग पाहण्यासाठी आणि खालचा भाग हाताळण्यासाठी, अशी विभागणी केली. हे मला शहाणपणाचे वाटते. २०२१ साली आयफोनने संकेतस्थळाचा पत्ता लिहिण्याची पट्टी वरून खाली आणली, तेव्हा मात्र गंमत झाली. अंगठ्याच्या सोयीसाठी केलेल्या या बदलावर लोकांनीच एवढी ओरड केली की पट्टी पुन्हा वर नेण्याची मुभा द्यावी लागली. हाताला जे सोयीचे तेच सवयीला गैरसोयीचे होते. ताईचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. चार महिने खपून ती एखाद्या अ‍ॅपमधल्या वाटा अंगठ्याने पाठ करते, आणि एका रात्रीत ते अ‍ॅप नवे रूप घेऊन बसते. तिच्या दृष्टीने रात्रीतून कोणी घरातली भांडी दुसऱ्या फळीवर मांडून ठेवावीत तसा तो प्रकार असतो.

याच्या शेजारी तिची जपमाळ ठेवून पाहावी. फोनवर जपमाळेचे अ‍ॅप मुलाने तिला घालून दिले होते. पडद्यावर मणी दिसत, स्पर्श केला की पुढे सरकत. तिने ते आठवडाभर वापरले आणि सोडले. खरी माळ ती डाव्या हातात घेते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मणी सरकत जातो. दहा मणी झाले की थोडी मोकळी साखळी लागते, मग एक सुटा मणी, मग पुन्हा साखळी. किती ‘नमो मरिया’ झाले हे पाहावे लागत नाही, अंधारात कळते, झोपेच्या गुंगीतही कळते. ईम्स दांपत्याचा डोळे मिटून हातात घेण्याचा प्रश्न या वस्तूने केव्हाच सोडवला आहे. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये जपमाळेत नव्याने आणली, तरी माळेचा एक मणी इकडचा तिकडे झाला नाही. अर्थात माळेला एकच काम करायचे असते. फोनला शंभर कामे असतात. तुलना तिथवरच ताणावी. पण मला आमच्या धर्मग्रामातली दुसरीही एक गोष्ट या संदर्भात आठवते. ख्रिस्तप्रसाद हातावर घेता येतो, जिभेवरही घेता येतो. हातावर घ्यायचा तर एक हात धरायला आणि दुसरा मुखात घालायला, असे दोन हात लागतात; जिभेवर घ्यायला एकही लागत नाही. फादर घरी येतात तेव्हा ताईला कोणी काही विचारत नाही, तिला वेगळी वागणूक मिळाली असेही तिला वाटत नाही, कारण दोन्ही रीती आधीपासून सर्वांसाठीच खुल्या आहेत. फोनमधली एकहाती सोय मात्र तीन-चार याद्यांच्या आत पुरून ठेवलेली असते. ती शोधण्यासाठी आधी दोन हात लागतात.

एवढे सगळे म्हटल्यावर सर्व कळा अंगठ्याखाली आणून ठेवाव्यात असे कोणी सुचवील. तसे करताही येणार नाही आणि करूही नये. खालची जागा एवढीशी. तिथे दहा गोष्टी आणल्या तर नववी चुकून दाबली जाणारच. जे सहज दाबले जाते ते अजाणताही दाबले जाते. पुसून टाकण्याची कळ, पाठवण्याची कळ, पैसे देण्याची कळ अंगठ्याच्या अगदी पोटाशी असावी का? २०१६ पासून यूपीआयने पैसे देणे एका क्षणाचे काम झाले आहे. मागे एकदा धानाचे पैसे घेऊन आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी घाईघाईत, गाडीच्या दांड्यावर एक हात ठेवून, भलत्याच माणसाला रक्कम पाठवली. गेलेले पैसे आपल्या हाताने मागे ओढता येत नाहीत. त्यासाठी समोरच्याची भलमनसाई किंवा बँकेचे उंबरठे, यांपैकी काहीतरी लागते.

ताईने तिच्या फोनची मांडणी आता स्वतः केली आहे. माझ्या मुलाला शेजारी बसवून, अंगठा कुठवर जातो ते तिने पडद्यावर फिरवून दाखवले आणि त्या कमानीच्या आत चारच चिन्हे ठेवायला लावली: माझा नंबर, शेजारच्या वहिनींचा नंबर, व्हॉट्सअ‍ॅप आणि बायबल. फोनच्या पाठीला तिने एक कापडी फीत चिकटवून घेतली आहे. दोन बोटे तीत अडकवली की फोन निसटत नाही. पैसे देण्याचे अ‍ॅप मात्र तिने उजव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले, जिथे अंगठा पोचत नाही. ते उघडायचे तर फोन टेबलावर ठेवावा लागतो, चष्मा लावावा लागतो आणि तर्जनीने दाबावे लागते. मुलाला हे पटत नाही. “आत्या, खाली आणून देतो, सोपं पडेल,” असे म्हणून त्याने दोनदा ते खाली आणले. “सोपं नकोच आहे मला तिथं,” असे म्हणत तिने दोन्ही वेळा ते पुन्हा वर पाठवले.